शुगर निघाली? मग डोळ्याचा पडदाही याच महिन्यात तपासून घ्या

ज्या दिवशी शुगर निघते त्या दिवशी घरात दोनच गोष्टींवर बोलणं होतं. चहातली साखर बंद करायची आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर. डोळ्यांचा विषय कुणी काढत नाही. आमच्याही घरी कुणी काढला नाही. आप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर चादरी विणायचे. ५२व्या वर्षी त्यांची शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढची सहा वर्षं "मला काय झालंय, दिसतंय की चांगलं" असं म्हणत त्यांनी पाळ्या केल्या. मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळी जाळी उतरली. डोळ्याच्या आत रक्त सांडलं होतं. त्या सहा वर्षांत त्यांचा चष्मा दोनदा बदलला होता, पण डोळ्याच्या मागचा पडदा कुणी एकदाही पाहिला नव्हता. तो दरवर्षी पाहून घ्यायचा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

ज्यांची शुगर नुकतीच निघाली आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गेली सात वर्षं आप्पांची फाइल मी सांभाळते आहे, त्यात जे विचारून, वाचून आणि चुकून कळलं ते क्रमाने सांगते. गोळ्या-इन्सुलिनचं प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी हे समजून घ्या: दिसतंय म्हणजे पडदा चांगला आहे असं नाही

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो, डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे बारीक फुगे येतात, कुठून पाणी आणि चरबी पाझरते, कुठे वाहिनी बंदच पडते. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग रसायन सोडून नव्या वाहिन्या उगवायला लावतो. त्या नव्या वाहिन्या मात्र कच्च्या असतात. त्या फुटतात आणि रक्त डोळ्यात पसरतं, किंवा त्यांच्याबरोबर वाढलेलं तंतूंचं जाळं आकसतं आणि पडदा ओढून जागचा सोडवतं.

हे सगळं चालू असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. वाचताना, सुईत दोरा ओवताना आपण पडद्याचा मधला छोटासा भाग वापरतो. तिथे सूज येईपर्यंत किंवा आत रक्त सांडेपर्यंत भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळसुद्धा वाचता येते. आप्पांना येत होती. म्हणून "त्रास झाला की दाखवू" हा हिशोब इथे उलटा पडतो. त्रास जाणवतो तेव्हा बराच आजार होऊन गेलेला असतो.

पहिलं पाऊल: थेंब घालून पडद्याची तपासणी

प्रौढ वयात निघणारी शुगर बहुतेक वेळा टाइप २ असते. ती निघण्याआधी बरीच वर्षं साखर गुपचूप वाढलेली असू शकते, त्यामुळे निदान होतं त्या दिवशीच काहींच्या पडद्यावर डाग असतात. म्हणून टाइप २ वाल्यांनी निदान झाल्याबरोबर पहिली तपासणी करायची आणि पुढे दरवर्षी. लहान मुलांत किंवा तरुणांत इन्सुलिनवरच सुरू होणारी टाइप १ असेल तर पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत चालते. आधीपासून शुगर असलेल्या बाईला दिवस राहणार असतील तर त्याआधी, आणि राहिले असतील तर पहिल्या तीन महिन्यांत. गरोदरपणात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो, आणि हे सासर-माहेर दोन्हीकडे कुणाला माहीत नसतं.

सोलापूर शहरात सगळ्यांना ठाऊक असलेली जागा म्हणजे सिव्हिल, अर्थात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे नेत्र विभाग आहे. खासगी नेत्रतज्ज्ञही शहरात पुष्कळ आहेत. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या लोकांनी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आधी विचारावं, म्हणजे एक खेप वाचते. कुठेही गेलात तरी खिडकीवर एकच वाक्य स्पष्ट बोला: "मला शुगर आहे, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा आहे." नुसतं "डोळे तपासायचेत" म्हणालात तर नंबर काढून, चष्म्याचा कागद हातात देऊन परत पाठवतील. आमचं दोन वेळा तसंच झालं.

त्या दिवशीची तयारी सांगते, कारण लोक इथेच गोंधळतात.

उपाशी जाऊ नका. ही रक्ताची तपासणी नाही. रोजच्यासारखं खा, रोजच्या गोळ्या घ्या. रांगेत दोन-तीन तास जातात, आणि गोळी घेऊन उपाशी बसलेल्या माणसाची साखर तिथेच उतरते. पिशवीत डबा आणि पाणी ठेवा. शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना चष्मा बरोबर घ्या. आधी कधी काचबिंदू सांगितला असेल तर थेंब घालण्यापूर्वी ते सांगा.

थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. डॉक्टर उजेड टाकून आत पाहतात, काही ठिकाणी पडद्याचा फोटो काढतात. दुखत काही नाही, फक्त उजेड डोळ्यात घुसतो. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्या उन्हात मोठ्या बाहुलीने सात रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. गाडी स्वतः चालवू नका, कुणाला तरी बरोबर न्या, काळा चष्मा किंवा टोपी ठेवा. त्या दिवशी विड्या वळायला किंवा शिलाईला बसता येणार नाही हे धरूनच दिवस निवडा.

दरवर्षीची तारीख लक्षात राहावी म्हणून आमच्या घरी एक रीत पडली आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, त्याच्या आधीचा आठवडा आप्पांच्या डोळ्यांचा. होम मैदानावर पाळणे उभे राहायला लागले की आईच आठवण करते. ऊनही तेव्हा कमी असतं.

रिपोर्टवर काय लिहिलंय

डॉक्टर घाईत असतात, कागदावर इंग्रजी आद्याक्षरं असतात. "एनपीडीआर" म्हणजे पडद्यावर परिणाम सुरू झालाय, पण नव्या कच्च्या वाहिन्या नाहीत. त्यात सौम्य, मध्यम, तीव्र असे टप्पे असतात. "पीडीआर" म्हणजे कच्च्या वाहिन्या उगवल्या आहेत, इथे उशीर करायचा नाही. "डीएमई" म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला सूज. ही कुठल्याही टप्प्यावर येऊ शकते आणि वाचायची नजर हीच घेते. काहीच नसेल तर पुढची तपासणी वर्षाने. मध्यम असेल तर साधारण सहा महिन्यांनी, तीव्र असेल तर तीन महिन्यांच्या आसपास बोलावतात. तुमची तारीख डॉक्टरांनाच विचारा आणि घरच्या कॅलेंडरवर लगेच मोठ्या अक्षरात लिहा. दोन्ही डोळ्यांचा टप्पा वेगळा असू शकतो, तेव्हा उजवा-डावा नीट विचारून घ्या.

पडद्याचा आडवा छेद दाखवणारी तपासणी सांगितली तर ती ओसीटी. तिच्यात सुई नाही, यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसायचं असतं. हातातून पिवळ्या रंगाचं औषध देऊन फोटो काढले तर त्यानंतर लघवी पिवळी-केशरी होते. आप्पा घाबरले होते. ती एक-दोन दिवसांत आपोआप साफ होते.

दुसरं पाऊल: तुमचे आकडे

बहुतेक जण एकच आकडा धरून बसतात, उपाशीपोटीचा. तपासणीच्या आदल्या दिवशी भात-गोड बंद केलं की तो सुंदर येतो. डोळ्याला मात्र एका दिवसाची साखर लागत नाही, महिनोन् महिने राहिलेली साखर लागते. ती मोजते एचबीएवनसी, आपल्या बोलण्यात "तीन महिन्यांची शुगर". लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते यात कळतं. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, १० म्हणजे २४०. उपाशी असण्याची गरज नाही. साखर आटोक्यात येईपर्यंत दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी करावी.

बऱ्याच प्रौढांसाठी ७ च्या खाली हे लक्ष्य धरतात. त्याच्या जोडीला उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली. वय जास्त असेल, साखर अचानक उतरत असेल, किडनी-हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर लक्ष्य थोडं सैल ठेवतात. शेजाऱ्याचा आकडा तुमच्यावर लावू नका.

एका गोष्टीची खबरदारी घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसी फसवू शकतो. लोह कमी असलेल्या बायकांत तो खऱ्याहून जास्त येऊ शकतो. आपल्याकडे ही कमतरता घरोघरी आहे, म्हणून बायकांनी दोन्ही तपासण्या बरोबरच कराव्यात.

हे आकडे पाळून खरंच फरक पडतो का, असं आप्पांनी डॉक्टरांना विचारलं होतं. पडतो. अमेरिका-कॅनडात टाइप १ च्या १,४४१ जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. एका गटाचा एचबीएवनसी ७ च्या जवळ ठेवला, दुसऱ्याचा ९ च्या आसपास राहिला. पहिल्या गटात, ज्यांचे पडदे सुरुवातीला स्वच्छ होते, त्यांना हा आजार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी निघाला. टाइप २ वरच्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातून कळलं की एचबीएवनसी एक टक्का कमी असेल तर बारीक रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे १० वरून ७ जमत नसेल तर ९ लाही किंमत आहे. आणि अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी सुरुवातीच्या वर्षांत चांगली साखर ठेवलेल्यांचे पडदे पुढे कित्येक वर्षं चांगले राहिले. नुकतीच शुगर निघालेल्यांनी हे मनात ठेवावं. ही पहिली वर्षं फार मोलाची आहेत. आमची ती वाया गेली.

बीपीचा आकडा साखरेइतकाच लिहून ठेवा. त्याच ब्रिटिश अभ्यासात बीपी सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवलेल्यांत पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. दुबळ्या नळीत पाण्याचा जोर वाढवला तर गळती वाढणारच. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं प्रथिनही तपासा. किडनीतही अशाच बारीक वाहिन्या असतात, डोळ्यात बिघाड दिसला की किडनीकडे बघावंच लागतं.

घरी साखर मोजताना

ग्लुकोमीटर घेतलात तर हात साबणाने धुऊन, पुसून मगच बोट टोचा. डाळिंब सोलून तसंच बोट टोचलं तर डाळिंबाची साखर मोजली जाते. आमच्याकडे एकदा २९० आलं, हात धुतल्यावर १६८. बोटाच्या टोकाला टोचू नका, बाजूला टोचा, कमी दुखतं. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायची. वहीत आकड्यापुढे काय खाल्लं तेही लिहा, नाहीतर त्या आकड्याचा डॉक्टरांनाही उपयोग नाही.

तिसरं पाऊल: सोलापुरी ताट

शुगर निघाली की भाताला शिव्या आणि भाकरीला सूट मिळते. ज्वारी चांगलीच आहे, तंतू जास्त, पोट भरलेलं राहतं, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव मी काय सांगणार. पण भाकरी हेसुद्धा पिष्टच आहे, तिची साखरच होते. ताटभर मोठ्या तीन भाकरी खाऊन "मी भात खातच नाही" म्हणण्यात अर्थ नाही. कडक भाकरीचं तर फार फसवं. ती पातळ, कुरकुरीत, आमटीत मोडून खाताना किती झाल्या कळतच नाही. ताटात आधीच मोजून घ्या. आमच्याकडे आता दुपारी मध्यम आकाराची दीड भाकरी, अर्धं ताट पालेभाजी-काकडी-मुळा-कांदा, आणि एक वाटी मटकी किंवा तुरीचं घट्ट वरण असतं. आधी भाजी आणि उसळ खायची, मग भाकरी. त्याने जेवणानंतरचा चढ कमी राहतो, हे आम्ही वहीत पाहिलं.

शेंगा चटणी सोडू नका. शेंगदाण्याने साखर भरकन चढत नाही. पण तिच्यात मीठ आणि तेल असतं, बीपी असेल तर एक चमचा पुरे. शेंगापोळी मात्र वेगळी, तिच्यात गूळ भरलेला असतो. "गूळ नैसर्गिक, गूळ चालतो" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की हात जोडून सांगते, गूळ साखरच आहे. काकवी साखरच आहे. मधसुद्धा. सणाला पाव पोळी खा आणि त्या जेवणातली एक भाकरी कमी करा.

उपवासाने साखर उतरते असा समज आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, खिचडीच्या एका ताटाने साखर जितकी चढते तितकी साध्या जेवणानेही चढत नाही. पंढरपूर शेजारी, घरोघरी एकादशी धरणारे, म्हणून हे टाळता येत नाही, पण बदलता येतं. थोडी भगर, त्याबरोबर दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी असेल तर उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन निर्जळी करणं जिवावर बेतू शकतं. वारीला जाणाऱ्यांनी गोळ्या आणि खडीसाखर खिशातच ठेवावी.

चहाचा हिशोब आम्ही उशिरा केला. बारा तासांच्या पाळीत आप्पांचे आठ कप व्हायचे, कपाला दोन चमचे. दिवसाला सोळा चमचे साखर, जेवणाबाहेर. बिनसाखरेचा चहा पहिले पंधरा दिवस कडू लागतो, मग जीभ सरावते. थंडीत हुरडा खायला शेतावर जाल तेव्हा ओंजळभर हुरडा दह्या-चटणीबरोबर खा, बाजूची साखर-खोबऱ्याची वाटी दुसऱ्याकडे सरकवा.

चालण्याबद्दल थोडंच सांगते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी साखरेचा चढ कमी होतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठापर्यंत जायला जमत नसेल तर गल्लीत फेऱ्या मारा. विड्या वळणाऱ्या बायका सकाळपासून एकाच जागी मांडी घालून असतात, त्यांनी तासाला एकदा उठून पाच मिनिटं पाय मोकळे करावेत. आईने असं केलं तेव्हा तिचे गुडघेही सुधारले. तंबाखू आणि मिश्री सोडायची आहे, त्यात तडजोड नाही.

ज्यांना पीडीआर सांगितलं आहे त्यांनी मात्र उपचार होईपर्यंत जड गठ्ठे उचलणं, श्वास रोखून जोर काढणं, शीर्षासन टाळावं. दाबाने कच्ची वाहिनी फुटू शकते.

चष्म्याच्या दुकानात घाई नको

साखर वर-खाली होते तेव्हा डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि सोडतं, त्यामुळे नंबर बदलतो. कुणाला अचानक लांबचं धूसर होतं, कुणाला उलट चष्म्याशिवाय वाचता येऊ लागतं आणि घरात आनंद होतो. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा बदल होतो. अशा वेळी केलेला चष्मा महिन्याभरात कपाटात जातो. साखर चार ते सहा आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. आप्पांचे दोन्ही चष्मे असेच गेले. पैसे गेल्याचं इतकं वाटत नाही, पण चष्मा मिळाल्यामुळे "डोळे तपासून झाले" असं आम्ही धरून चाललो, त्याचं वाईट वाटतं.

मधुमेहात मोतीबिंदूही लवकर येतो. शस्त्रक्रिया ठरली तर त्याआधी पडदा पाहून घ्या, सूज असेल तर तिचा उपचार आधी किंवा बरोबरीने लागतो.

साखर खाली आणायची, पण तपासणी आधी

ज्यांचा एचबीएवनसी ११-१२ आहे, शुगर जुनी आहे आणि पडदा कधीच पाहिलेला नाही, त्यांची साखर औषधाने झपाट्याने खाली आली तर सुरुवातीच्या काही महिन्यांत पडद्याचा आजार थोडा वाढू शकतो. हे वाचून कुणी औषध थांबवू नका. दूरच्या काळात फायदा कमी साखरेचाच आहे. इन्सुलिन किंवा जोरदार औषध सुरू होतंय असं कळलं की त्याच आठवड्यात पडदा दाखवा, आणि त्या वर्षी डोळ्याचे डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जा. शुगरच्या डॉक्टरांना डोळ्याचा रिपोर्ट दाखवा, डोळ्याच्या डॉक्टरांना शुगरचा. हे दोघे एकमेकांना भेटत नाहीत, कागद तुम्हालाच न्यावा लागतो. पिओग्लिटाझोन नावाची गोळी चालू असेल आणि पडद्याला सूज निघाली असेल तर ती गोळी दोघांनाही मुद्दाम दाखवा, तिने सूज वाढू शकते.

घाम, थरथर, भूक, चिडचिड, डोळ्यापुढे अंधारी आली तर साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजायला यंत्र नसेल तरी साखर द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

उपचार सांगितला तर

लेसर ऐकून लोक पळतात. लेसरने पडद्याच्या कडेच्या भागाला बारीक चटके देतात, म्हणजे तो भाग रसायन सोडणं थांबवतो आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. दोन-तीन बैठका लागतात. थोडं टोचल्यासारखं होतं. लेसरने नजर वाढत नाही, उरलेली टिकते, हे आधीच मनाशी पक्कं करा. नाहीतर "लेसर करूनही फरक नाही" म्हणून पुढच्या बैठका सोडल्या जातात. रात्रीचं आणि कडेचं थोडं कमी दिसू शकतं.

मधल्या भागाच्या सुजेवर डोळ्यात इंजेक्शन देतात. डोळा बधिर करतात, सुई फार बारीक असते, काम मिनिटभराचं. सुरुवातीला साधारण दर महिन्याला घ्यावं लागतं. एक घेऊन बरं वाटलं म्हणून थांबलं तर सूज परत येते. आप्पांचं तिसरं इंजेक्शन आषाढीच्या गडबडीत दीड महिना लांबलं आणि वाचता येत असलेला पेपर पुन्हा हातातून गेला. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल ठिपका राहतो, तो निरुपद्रवी आहे. पण पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली, नजर कमी झाली तर त्याच दिवशी जा, आत संसर्ग असू शकतो.

डोळ्यातलं रक्त बरेच दिवस साफ झालं नाही किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया करतात. आप्पांची झाली. उजव्या डोळ्याने आता त्यांना माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. डावा वेळेत लेसर केल्याने शाबूत आहे.

खर्चाची लाज बाळगू नका. इंजेक्शनांच्या किमतींत मोठा फरक असतो, "यातलं स्वस्त कोणतं चालेल?" असं सरळ विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन. गिरणी-कारखान्यात विमा कपात होत असेल तर विमा कार्ड वापरा. शुगर-बीपीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, कुणी दिलेलं काजळ डोळ्यात घालू नका. पडदा डोळ्याच्या मागे आहे, वरून घातलेलं तिथे पोचत नाही, समोरचा भाग मात्र बिघडतो.

घरच्या घरी एक लहान तपासणी

आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा लावून, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. मधल्या तारखेकडे बघा. चौकटींच्या रेघा सरळ दिसतात का? कुठे वाकड्या, पुसट, गायब? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकून टाकतो, म्हणून एकेक. ही वार्षिक तपासणीची जागा घेत नाही.

अचानक काळे ठिपके, जाळी, धुराचे लोट, विजेसारखे चमकारे, बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, किंवा एका डोळ्याची नजर एकदम कमी होणं, यातलं काहीही झालं तर सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा, बाह्यरुग्ण विभाग बंद असेल तर अपघात विभागात जा. डोकं थोडं उंच ठेवून झोपा, ओझं उचलू नका.

आणि घरातल्या बाकीच्यांची साखरही मोजा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे, आणि त्याहून जास्त, १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर दोनदा आली तर शुगर. आप्पांच्या फाइलमागे धावताना मी माझी कधी मोजलीच नव्हती. गेल्या डिसेंबरात मोजली, १०८ आली. आता संध्याकाळी आप्पा आणि मी बरोबर चालतो, ते माझ्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांचा अधू उजवा डोळा माझ्या बाजूला राहतो.